खोलीच्या जागी धबधबा

माझ्या साडूने मला फसवलं. तो अमरावतीला राहतो, उभं आयुष्य चित्रकलेचा मास्तर होता, आता निवृत्त आहे. मी अकोल्याला जुनी दारं-खिडक्या विकतो. व्यवहारात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी चारचौघांत म्हणत आलो. तो जन्मलेला होता आणि दर दिवाळीला माझ्याच घरी चिवडा खात होता.

नातेवाइकांत आता ही गोष्ट वेगळी सांगितली जाते. म्हणे साठीच्या घरातला माणूस एका खेळण्यातल्या आगगाडीसाठी भर सभागृहात ओरडला. ओरडलो हे खरं आहे. कशासाठी ओरडलो, ते पहिल्यापासून सांगतो.

माझे वडील रेल्वेत फाटकवाले होते. अकोल्याहून जाणाऱ्या जुन्या लहान लाइनवर, गावापासून दूर, दोन्ही बाजूंना काळं रान आणि मधे एक फाटक. फाटकाला लागून एक खोली. दहा बाय दहा, वर पत्रा, बाहेर ओटा. त्या खोलीत आम्ही पाच माणसं राहिलो. मी तिथे चालायला शिकलो आणि तिथूनच, दहावी नापास झाल्यावर, पायात चप्पल नसताना शहरात आलो. आधी पाडकामावर मजूर होतो. लोक जुनी घरं पाडायचे आणि सागवानी दारं जळणाच्या भावात द्यायचे. ती दारं मी उचलली, घासली, आणि ज्यांनी पाडली त्यांच्याच शेजाऱ्यांना दुप्पट भावाने विकली. आज माझं गोडाऊन आहे. अकोला, अमरावती, परतवाडा, कुठेही जुनं घर पडणार असलं की मला आधी कळतं.

फक्त एक घर पडलं ते मला कळलं नाही. लहान लाइन बंद झाली, मोठी टाकायचं काम निघालं आणि एका आठवड्यात फाटक, खोली, ओटा, सगळं यंत्राने सपाट केलं. मी गेलो तेव्हा आमच्या विटांचा चुरा नव्या भरावाखाली गेलेला होता. दुसऱ्यांची घरं विकत घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची चौकटसुद्धा मिळाली नाही. फोटोही नाही. आमच्याकडे कॅमेरा कोणाकडे होता?

वडील माझ्याकडेच असतात. नव्वदीला आले आहेत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. कडेचं सगळं गेलं होतं. नळीतून पाहावं तसं मधलं थोडं दिसायचं. एक दिवस मला म्हणाले, "सारं इसरलं तरी चालते, पण फाटक डोयापुढून हलून राह्यलं बे. खोलीचं दार कुठीकडे होतं, थे बी आता इचार करा लागते."

त्या दिवशी मी ठरवलं की ते फाटक मी टेबलावर उभं करीन.

छोट्या रेल्वेचा छंद असलेले लोक जगात पुष्कळ आहेत. फोनवर त्यांचे व्हिडिओ असतात. सगळे हळू बोलणारे, स्वच्छ नखांचे, आणि घरात तापमान बेताचं. त्यांच्याकडे शेवाळ डबीत मिळतं, गवत पुडीत मिळतं, झाड खोक्यात मिळतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी एक ते चार दुकानाचं शटर खाली आणि कूलर सुरू, तेवढाच वेळ. रूळ, एक इंजिन आणि तीन डबे ऑनलाइन मागवले. समोर घासाघीस करायला माणूसच नव्हता, त्यामुळे ती खरेदी मला आजही अर्धवट झाल्यासारखी वाटते. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं माप. आमची दहा फुटांची खोली त्या मापात साडेतीन सेंटीमीटरची होते. काडेपेटीपेक्षा लहान.

खाली सहा बाय तीनची सागवानी चौकट ठोकली. ते काम मला येतं. मग जमीन करायची वेळ आली आणि मी असा मूर्खपणा केला, जो फक्त वऱ्हाडातला माणूस आपल्या मातीच्या अभिमानापायी करू शकतो. मी त्या जुन्या लाइनच्या कडेची खरी काळी माती पोतंभर आणली. व्हिडिओवाले रंगवलेला भुसा टाकतात. म्हटलं, टाका तुम्ही भुसा, आमच्याकडे अस्सल आहे. माती भिजवली, त्यात सुताराचा पांढरा गोंद कालवला, इंचभर जाड थर दिला आणि त्यावर रूळ दाबून बसवले. चार दिवस देखणं दिसलं. पाचव्या दिवशी काळीने आपला गुण दाखवला. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्या मापात म्हणजे बैलगाडी आत गेली असती. रूळ वर उचलले गेले, आणि इंजिन पहिल्याच फेरीत आडवं झालं.

वडील खुर्चीत बसून आवाजावरून समजले. एवढे हसले की खोकला लागला. "काळीले गोंदानं बांधतो का बे? आमच्या बापजाद्याले नाई बांधता आली थे."

"मंग रेल्वेनं कशी बांधली?"

"रेल्वेनं नाईच बांधली. आंधी मुरूम टाकला, मुरमावर गिट्टी, गिट्टीवर रूळ. काळीले फकस्त बाजूनं उभं राहू देलं. एवढं दाराचं दुकान चालोतो आन् चौकटीखाली काय पायजे थे समजत नाई तुले?"

सगळं खरवडलं. मुरूम चहाच्या गाळणीने गाळून खाली दिला. बायकोने ती गाळणी परत स्वयंपाकघरात घेतली नाही, नवी आणायला लावली. काळी माती आता वरून फक्त चिमटीने भुरभुरवली. ती तशी बसली. मग फाटक आणि खोली केली. फाटकाचे दोन दांडे तांब्याच्या तारेचे. खोलीच्या भिंती सागवानाच्या पातळ फळीच्या, पत्रा डब्याचा. रंग देण्याआधी वडिलांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी नखाने चाचपली.

"दार चुकलं."

"कसं चुकलं?"

"दार रस्त्याकडे केलं तुनं. दार रुळाकडे होतं. रात-बेरात गाडी आली तं माणूस झोपीतून उठून सिधा झेंडीवर पायजे. रस्त्याकडे दार ठेवून का पाव्हणे बोलवाचे होते?"

दार बदललं. ओटाही त्यांनी बोटाने मापून दोनदा बदलायला लावला. पण त्यांना खरी ओढ होती ती ओट्यावर उभ्या करायच्या माणसाची, आणि तो माणूस ते स्वतः नव्हते.

ती हकिकत अशी. मी लहान असताना वडिलांना एकदा हिवताप भरला. बदली माणूस आला नाही. गाडीची वेळ झाली. आईने लुगड्यावर वडिलांचा खाकी शर्ट चढवला, फाटक लावलं आणि ओट्यावर उभी राहून हिरवी झेंडी दाखवली. नियमाबाहेरचं काम होतं, नोकरी गेली असती. शेवटच्या डब्यातल्या गार्डने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं नसेल असं होणारच नाही, शर्टाखाली लुगडं होतं. त्याने आपली झेंडी दाखवली, मग टोपीला हात लावला, आणि गाडी गेली. कुठे बोलला नाही. वडील तापात दाराच्या फटीतून पाहत होते. उभ्या नोकरीतली एवढी एकच गाडी त्यांनी आतून पाहिली, बाकी सगळ्या बाहेरून.

बायकोने ती बाई केली. पावणेदोन सेंटीमीटर. तारेचा सांगाडा, त्यावर सुतार फटी बुजवायला भरतात ती लांबी, लुगड्याचा हिरवा आणि शर्टाचा खाकी रंग टूथपिकच्या टोकाने. झेंडी तिच्या जुन्या ब्लाउजपीसच्या कातरणाची. चार दुपारी त्यात गेल्या. मी वडिलांसमोर धरली तर त्यांनी तोंड फिरवलं.

"आता नाई. सारं झालं का दाखवजो. रान झालं पायजे, झाडं पायजे, गाडी गेली पायजे. गाडी जाईन तवा पाहीन तिले."

डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं, किती दिवस? ते म्हणाले, दिवाळीपुढचं मी काही सांगू शकत नाही. तेव्हा जून लागला होता. पाच महिने होते. बाकी काम होतं झाडांचं आणि गवताचं, आणि तिथे मी हात टेकले. मी केलेलं बाभळीचं झाड झाडणीसारखं दिसायचं. कडुनिंब तर भांडी घासायच्या काथ्यासारखा.

"अमरावतीचे भाऊजी रिकामेच आहेत ना," बायको म्हणाली. "मास्तर आहेत. आयुष्यभर झाडंच काढली त्यांनी."

तिचा दोष नाही. तिने चांगल्या मनाने सांगितलं. मी ऐकलं, हा माझा दोष.

अकोल्याचा माणूस अमरावतीला गेला की त्याला दाराशीच थोडं लहान केलं जातं. आम्ही म्हणे भाव करणारे, ते विचार करणारे. साडूच्या घरी हे जरा जास्तच. तो शुद्ध बोलतो. त्याचे आईवडील कधी शुद्ध बोलले नाहीत, त्याची बायको बोलत नाही, पण तो बोलतो. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट टिपली आहे: तो जितकं शुद्ध बोलतो तितकं खोटं बोलतो. राग आला किंवा भूक लागली की मात्र सरळ वऱ्हाडीत येतो.

त्याला वरच्या मजल्यासाठी कोरीव सागवानी दार हवं होतं. दोन वर्षांपासून तो माझ्या गोडाऊनमध्ये येऊन एका दारावर हात फिरवून जायचा. परतवाड्याच्या एका घराचं दार होतं, चौकटीवर वेल आणि पोपट. मी म्हटलं, दार घ्या, मला झाडं द्या. पोह्यांची बशी हातात धरून सौदा झाला. माझ्या अटी दोनच होत्या. एक, दोन महिन्यांत काम. दुसरी मी त्याला तिथेच बोट ठेवून दाखवली.

"साडूभाऊ, फाटक, खोली आन् ही बाई. हिले हात लावाचा नाई. रान तुमचं, झाडं तुमची. एवढं आमचं."

"आपण निश्चिंत असा," तो म्हणाला. "काय जपायचं असतं ते कलावंताला सांगावं लागत नाही."

एवढं शुद्ध वाक्य ऐकून मी तिथेच उठायला हवं होतं.

व्यापारात मी माल आधी देत नाही. माणूस कितीही ओळखीचा असो. नात्यात दिला. टेम्पोत एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला सतरंजीत गुंडाळलेलं आमचं फाटक. दोन्ही एकाच फेरीत त्याच्या घरी उतरवलं. दार आठ दिवसांत बसलं. पोपटांना त्याने सोनेरी रंग दिला, तेही मी चालवून घेतलं.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा सगळ्यावर चादर होती. म्हणाला, "अपूर्ण कलाकृती दाखवत नसतात." सप्टेंबरमध्ये म्हणाला, रंग वाळतोय. पाऊसपाण्याचे दिवस, मीही मानलं. कुंकवासारखा बारीक भुसा, वाळवलेली चहापत्ती, तुरीचं कुटार म्हणजे मळणीचा भुगा, असं त्याने मागितलेलं सगळं मी डब्यांतून पोचवलं. ऑक्टोबरमध्ये त्याने फोन उचलणं बंद केलं. मी बायकोच्या फोनवरून लावला तर उचलला, आणि माझा आवाज ऐकून म्हणाला, "घाई हा कलेचा शत्रू आहे."

"माहे बाबा कलेची वाट पाहून राह्यले नाई," मी म्हटलं. "त्यायच्या डोयाची वाट लागून राह्यली. डॉक्टरनं दिवाळी सांगितली, तुमाले ठाऊक आहे."

"दिवाळीला देतो."

त्याला सांगितलं होतं. पुन्हा लिहितो, म्हणजे नातेवाइकांनी नीट वाचावं. डॉक्टर काय म्हणाले हे त्याला मी जूनमध्ये पोहे खाताना सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये फोनवर सांगितलं. माहीत नव्हतं म्हणायची सोय त्याला नाही.

दिवाळीला तो चिवडा खायला आला नाही. पहिल्यांदाच. वडील लक्ष्मीपूजनाच्या दिवशी विचारत होते, "आलं का फाटक?" मी म्हटलं, येऊन राह्यलं. मग ते दर बाजाराच्या दिवशी विचारू लागले. डिसेंबरात एका सकाळी त्यांनी चहाचा कप समोर असताना बशीच्या बाजूला हात फिरवला. दोनदा फिरवला. मी कप हातात दिला तर म्हणाले, "धुकं लय पडलं आज." अकोल्यात त्या दिवशी लख्ख ऊन होतं. संक्रांतीला त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. माणूस कळायचा नाही.

फेब्रुवारीत दुपारी बायको फोन घेऊन गोडाऊनमध्ये आली. ती कधी येत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो होता. साडू, खांद्यावर शाल, हातात नारळ, मागे आमची सहा बाय तीनची सागवानी चौकट. चौकट मी अंधारातही ओळखीन. वरचं काहीच ओळखू आलं नाही. खाली कोणीतरी लिहिलं होतं, मास्तरांचं अभिनंदन.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अमरावतीला. एका शाळेचं सभागृह, छंद आणि कलांचं प्रदर्शन, तीन दिवसांचं. साबणावर कोरलेले गणपती, भरतकाम, टाकाऊ बाटल्यांचे दिवे. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या टेबलावर, आमचं फाटक. पुढे पाटी: वऱ्हाडची रम्य सफर. खाली साडूचं नाव आणि पदवी.

आता वर काय होतं ते ऐका. मागे दोन डोंगर. त्रिकोणी, एकसारखे, टोकांवर बर्फ. दोघांच्या मधे पुठ्ठ्यावर रंगवलेला सूर्य, किरणं पट्टीने मारलेली. डोंगराला बोगदा. बोगद्याच्या बाजूने धबधबा, कापसाचा आणि गोंदाचा, खाली निळं तळं, तळ्यात बदक. तीन माड. पाच पक्षी, मराठी चारच्या आकड्यासारखे.

हे चित्र तुम्हीही काढलं आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराने काढलं आहे. शाळेत निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला माड. बाहेर खिडकीतून नजर जाईल तिथवर सपाट काळं रान, त्यात पऱ्हाटी, तूर, बांधावर बाभळी, आणि आत मास्तर फळ्यावर डोंगर काढतोय. पोरगं चुकून खिडकीबाहेरचं काढेल तर चार मार्क. आयुष्यभर या माणसाने हजारो पोरांना शिकवलं की तुमच्या दाराबाहेर जे आहे तो निसर्ग नव्हे. तो खोडसाळपणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटतं. काळी माती त्याला दिसतच नाही. ज्याचे डोळे धड आहेत त्याला न दिसलेली गोष्ट मी, डोळे जाणाऱ्या माणसाला दाखवण्यासाठी, त्याच्या हातात दिली. याला म्हणतात अक्कल गहाण ठेवणं.

मी टेबलाजवळ गेलो. चार माणसं पाहत उभी होती. गाडी बोगद्यात शिरत होती, निघत होती. मी फाटकाची जागा शोधली. तिथे तळं होतं. बदक नेमकं आमच्या ओट्यावर.

"खोली कुठी आहे?" मी विचारलं.

साडूने शाल सारखी केली. "अरे, या, या! कळवायचं तरी. बघा, कसं खुललंय."

"खोली कुठी आहे, साडूभाऊ?"

"ती संयोजनात बसत नव्हती. तिथे नजर अडत होती. आणि एवढ्या विस्तीर्ण निसर्गात ती पत्र्याची खोली..."

"इस्तीर्ण निसर्ग? अकोल्याच्या फाटकावर धबधबा कुठून पडला? आभायातून?"

"मेळघाट वऱ्हाडातच येतो," तो म्हणाला.

"येते ना. मेळघाटात बर्फ कोणत्या साली पडला थे सांगा. आन् बदक? फाटकावर बदक कोणाचं होतं, स्टेशन मास्तरचं?"

एकजण हसला. साडूचा चेहरा लाल झाला आणि तो पटकन वऱ्हाडीत उतरला. "लोकायले हेच आवडते! तुया काया मातीले कोण पाहीन? दोन महिने थेच करून पाह्यलं मी. नुसतं कायं. कायं आन् कायं. परीक्षक आला असता तं पाठ फिरवून गेला असता!"

म्हणजे परीक्षक आधीच ठरलेले होते. दोन महिन्यांत काम झालेलं होतं. ऑगस्टमध्ये चादरीखाली आमचं रान तयार होतं, काळं, जसं हवं तसं. वडिलांची नजर तेव्हा होती. त्याने ते मला दिलं नाही. चादर घालून ठेवलं, मग उखडलं, आणि शालीसाठी त्यावर डोंगर रचले.

हे त्याच्या तोंडून निघालं तेव्हा मी ओरडलो. हो, ओरडलो. साबणाचे गणपती हलले असतील. कोणीतरी पाहुणे पुढे आले, भाऊ शांत व्हा, कलेच्या ठिकाणी असं बरं नाही. मी त्यांना म्हटलं, तुमी शालीचं कापड पाहा, आमी आमचं पाहतो.

बायकोने तेवढ्यात शांतपणे विचारलं, "भाऊजी, बाई कुठं आहे?"

"कोणती बाई?"

"झेंडीवाली. मी केलेली."

तो खरंच आठवू लागला. ते मला सगळ्यात जास्त लागलं. लपवत असता तर निदान तिची किंमत त्याला कळली आहे असं झालं असतं. "ती एवढीशी? असेल कुठेतरी डबीत. किंवा मग साफसफाईत..." आणि हात असा केला, जसा आपण टेबलावरचा चुरा झटकतो.

प्रदर्शनाचा एक दिवस बाकी होता. मी थांबलो नाही. चौकट माझी, सागवान माझं, रूळ माझे. दोन माणसं लावून उचललं आणि टेम्पोत घातलं. एक डोंगर दारात निखळला, तो तिथेच राहू दिला. साडू मागून म्हणत होता, कलेचा खून झाला. त्याच्या घरावरून जाताना बायकोने वर पाहिलं. सोनेरी पोपटांचं दार बंद होतं.

अकोल्याला आल्यावर मी चौकट वडिलांच्या खुर्चीसमोर ठेवली. मला ती आधी दुरुस्त करायची होती, पण टेम्पोचा आवाज त्यांनी ऐकला होता. "आलं का?" म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले.

बोटं आधी चौकटीवरून गेली. ती ओळखली. मग रुळावर आली. रुळावरून हळूहळू सरकत गेली, जशी पूर्वी ते पहाटे रुळाच्या कडेने चालत जायचे तशी. मग कापसाला लागली.

"हे काय होये?"

मी त्यांचा हात बाजूला घ्यायला गेलो.

"कापूस का? रुळावर कापूस कोणं सांडला?" बोटं खाली गेली, गोंदाच्या गुळगुळीत तळ्यावर. "पाणी? इथं पाणी कुठून आलं बे? खोली बुडाली का?"

"बाबा, मास्तरनं थोडं बदललं."

ते बदकाशी थांबले. दोन बोटांत धरून पाहिलं. मग गाडी लाव म्हणाले. मी लावली. इंजिन बोगद्याच्या उरलेल्या भोकातून निघालं, तळ्याच्या काठाने गेलं. ते कान देऊन ऐकत होते. दोन फेऱ्या झाल्या.

"फाटक कोणं लावलं?" त्यांनी विचारलं. "गाडी जाऊन राह्यली आन् झेंडीवर कोणीच नाई."

"मी परत बनवतो, बाबा. महिन्यात बनवतो. खोली, ओटा, माय, सारं."

"बनवशीन तू," ते म्हणाले. "मी पाहू कायनं?"

एवढंच. त्यांना राग नाही. तो सगळा माझ्याकडे आला आहे आणि मला तो जड नाही.

आता निरोप येतात. साडूने सांगून पाठवलं, दार काढून घेऊन जा, पण ग्रुपवर हे लिहून बदनामी करणं थांबव. दार त्याने ठेवावं. दारं मी रोज विकतो. शालही ठेवावी, नारळ फोडून खावा. कौतुक माझ्या नावाचं हवं होतं असं कोणाला वाटत असेल तर तेही त्याने ठेवावं. त्याने दार नेलं नाही, त्याने ऑगस्ट ते डिसेंबर नेले. ते महिने एका म्हाताऱ्या डोळ्याचे शेवटचे होते आणि त्यातली पाच मिनिटं त्या डोळ्याने मागितली होती.

खोली मी पुन्हा केली आहे. दार रुळाकडे. बायकोने दुसरी बाई केली, तोच खाकी शर्ट, त्याच ब्लाउजपीसची झेंडी. उरलेला डोंगर मी उपटला, तळं मात्र तसंच ठेवलं आहे, बदकासकट. खोली त्याच्या काठावर नुसती टेकवून ठेवली आहे, चिकटवलेली नाही.

तर साडूभाऊ, तुम्ही या. अमरावतीहून बस दिवसभर आहेत. शाल घालून या, हवं तर शुद्ध बोला. माझ्याशी बोलू नका, मला तुमचं काही ऐकायचं नाही. वडिलांच्या खुर्चीसमोर खाली बसा. त्यांचं बोट हातात धरा, तळ्यावर ठेवा, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच द्या: इथे पाणी कुठून आलं, आणि झेंडीवर उभी असलेली त्यांची बाई कुठे गेली.